आधी आकडा जागेवर राहतो का ते बघा: आर्जिनिन आणि गुदस्नायूचा दाब तपासण्याची रीत

वॉर्डात काम करणारे एक मामा पहिल्यांदा मॅनोमेट्रीच्या, म्हणजे गुदद्वाराचा दाब मोजण्याच्या, टेबलावर आडवे झाले, तेव्हा पडद्यावर विश्रांतीचा (मुद्दाम आवळत नसतानाचा) दाब आला ९२, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. मामा घामाघूम, पाय आखडलेले, तोंड भिंतीकडे. आम्ही प्रोब, म्हणजे दाब मोजणारी नळी, काढला, मामांना चहा पाजला, यंदा सोयाबीनला काय भाव मिळाला यावर गप्पा झाल्या आणि पाऊण तासानं प्रोब परत घातला. आकडा ७१. मामांनी मान वळवून विचारलं, ‘‘काय सायेब, औषध लागू पडलं का?’’ औषध दिलंच नव्हतं. पोटात गेला होता तो अर्धा कप चहा.

त्या दिवशी चहाऐवजी आर्जिनिन या अमिनो आम्लाची पावडर दिली असती, तर मी वहीत खुशाल लिहिलं असतं की दाब २१ मिलिमीटरनं उतरला. पीजीच्या थिसिससाठी ‘तोंडानं दिलेल्या आर्जिनिननं गुदस्नायूचा दाब उतरतो का’ हा विषय घेणारे बहुतेकजण नेमकं हेच करतात: आधी मोजा, पावडर द्या, नंतर मोजा, वजाबाकी करा. दुसऱ्या मोजणीला माणूस सैलावलेला असतो आणि दाब उतरतोच, पावडर दिली तरी आणि लिंबूपाणी दिलं तरी. म्हणून या लेखात पावडरीपेक्षा मोजणीवर जास्त वेळ घालवणार आहे. मराठवाड्यातल्या एखाद्या मेडिकल कॉलेजात, आहे त्या साधनांत ही तपासणी कशी बसवायची, ते सांगतो.

मुळात प्रश्न काय आहे

गुदद्वाराभोवती स्नायूंची दोन कडी असतात. बाहेरचं कडं आपल्या हुकमातलं. एसटी पुढच्या स्टँडवर थांबेपर्यंत जे आवळून धरतो ते. आतलं कडं अनैच्छिक स्नायूचं. ते झोपेतही आवळलेलं असतं आणि विश्रांतीच्या दाबातला साधारण ७० ते ८० टक्के वाटा त्याचाच. या आतल्या कड्याला सैल करणारा मुख्य निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू. मज्जातंतूंच्या टोकांशी तो एल-आर्जिनिन या अमिनो आम्लापासून तयार होतो आणि मागे सिट्रुलिन उरतं. या वायूच्या शोधाबद्दल १९९८ साली फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना वैद्यकाचं नोबेल मिळालं.

ज्याला फिशर म्हणतात, म्हणजे आपल्याकडचे पेशंट ज्याला सरसकट ‘मूळव्याध’ म्हणून येतात ती चीर, तिच्यात आतलं कडं गरजेपेक्षा जास्त आवळलेलं असतं. मागच्या बाजूला मधोमध रक्तपुरवठा आधीच बेताचा, त्यात हा फास, म्हणून चीर भरत नाही. नायट्रोग्लिसरीनचं मलम नायट्रिक ऑक्साइड थेट पोचवतं. १९९७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत ०.२ टक्के मलमानं ६८ टक्के रुग्णांची जुनी चीर भरली, औषध न घातलेल्या मलमानं ८ टक्के. पण निम्म्याहून जास्त लोकांचं डोकं दुखलं. आपल्या ओपीडीत हे मलम अर्ध्यात सुटतं ते याच कारणानं. मग साहजिकच मनात येतं, मलम नको, वायूचा कच्चा मालच पोटातून देऊ.

इथं एक मेख आहे. आपल्या भागातला माणूस ती लगेच ओळखेल. साखर कारखान्याच्या गेटवर उसाच्या ट्रॅक्टरांची मैलभर रांग लागलेली असताना आणखी दहा ट्रॅक्टर पाठवले, तर गाळप वाढतं का? नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या एन्झाइमला लिटरमागे काही मायक्रोमोल आर्जिनिन पुरतं, आणि रक्तात ते उपाशीपोटीही त्याच्या कितीतरी पट असतं. शिवाय तोंडानं घेतलेल्या आर्जिनिनचा मोठा हिस्सा आतडं आणि यकृत मिळून आर्जिनेज या एन्झाइमनं वाटेतच फस्त करतात. तरीही काही लोकांच्या रक्तवाहिन्यांवर आर्जिनिनचा परिणाम दिसतो. याला आर्जिनिनचं कोडं म्हणतात. एक उत्तर असं की शरीरात एडीएमए नावाचा आर्जिनिनचा जुळा असतो. गेटवर तो रिकाम्या ट्रॉल्यांसारखा जागा अडवून बसतो. खरा माल वाढला की या ट्रॉल्या मागं ढकलल्या जातात.

आर्जिनिनचं जेल गुदद्वाराला लावल्यावर विश्रांतीचा दाब उतरतो, हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी स्नायूच्या पट्ट्यांवर प्रयोगशाळेत काम झालं, तेव्हा हे सैलावणं नायट्रिक ऑक्साइडच्या वाटेनं होत नसल्याचं दिसलं. म्हणजे जेलचा निकाल पावडरीला लावता येत नाही. तोंडानं दिलेल्या आर्जिनिनची तपासणी वेगळीच करावी लागते. उत्तर ‘काही फरक नाही’ असं येण्याची शक्यता चांगली मोठी आहे. त्यामुळे ‘नाही’ हे उत्तर ठामपणे देता येईल, अशी मांडणी सुरुवातीपासून हवी.

पावडर उघडण्यापूर्वीचे दोन महिने

पहिली पायरी यंत्राची. पाणी वाहणारं कॅथेटर असेल तर प्रत्येक नळीतून मिनिटाला ०.२ ते ०.५ मिलिलिटर पाणी जायला हवं. पाणी डिस्टिल्ड, उकळून थंड केलेलं, म्हणजे त्यातली विरघळलेली हवा निघून जाते. नळीत एक बुडबुडा अडकला तरी दाबाची लाट दबते आणि आकडा खोटाच कमी येतो. तपासायची युक्ती सोपी. कॅथेटरचं टोक ट्रान्सड्यूसरच्या (दाब ओळखणाऱ्या भागाच्या) पातळीला धरा, शून्य करा, मग पट्टी लावून बरोबर १३.६ सेंटिमीटर वर उचला. पडद्यावर १० यायला हवेत. आठ किंवा बारा आले तर त्या दिवशी कोणाला टेबलावर घेऊ नका. ही पट्टी आमच्या खोलीत भिंतीला टांगलेली आहे. नवीन रेसिडेंट आला की आधी तिच्याशी ओळख.

सॉलिड-स्टेट प्रोब (पाण्याऐवजी नळीतच सेन्सर असलेला) असेल तर बुडबुड्याचा त्रास नाही, पण तापमानाचा आहे. बाहेर ४२ अंश, खोलीत एसी २४ वर, माणसाच्या आत ३७. प्रोब थंड हवेत शून्य करून आत घातला की आकडा हळूहळू सरकत राहतो. ३७ अंशाच्या पाण्यात बुडवून शून्य करा आणि सत्र संपल्यावर परत त्याच पाण्यात घालून किती सरकला ते लिहून ठेवा. लाइट जाणं आपल्याला नवं नाही. यूपीएस नसेल तर मोजणीच्या मधोमध रेकॉर्डिंग तुटतं आणि त्या माणसाला पुन्हा बोलवावं लागतं. एकदा असं झाल्यावर दुसऱ्यांदा कोणी येत नाही.

एककाचा घोळ इथंच मिटवा. काही यंत्रं पाण्याचे सेंटिमीटर दाखवतात. १ मिलिमीटर पारा म्हणजे १.३६ सेंटिमीटर पाणी, म्हणजे ६० चे जवळपास ८२ होतात. एका कॉलेजातल्या थिसिसमध्ये अर्धे आकडे एका एककात आणि अर्धे दुसऱ्यात मी स्वतः पाहिलेत. गाइडची सही खाली होतीच.

दुसरी पायरी हाताची. आठ-दहा निरोगी माणसं घ्या, कोणतीही पावडर न देता आठवड्याच्या अंतरानं दोनदा मोजा. वेळ तीच, खोली तीच, मोजणाराही तोच. दोन भेटींतल्या आकड्यांचा फरक काढा आणि सरासरीसमोर मांडा. ब्लँड आणि ऑल्टमन यांची पद्धत सगळ्यांना शिकवलेली असते, वापरत मात्र कुणी नाही. फरक जर २०-२५ चा येत असेल, तर १० मिलिमीटरचा परिणाम तुम्हाला कधीच दिसणार नाही. मग पावडर विकत आणण्याऐवजी मोजणी सुधारा. हे दोन महिने वाया गेले असं पीजीला वाटतं. माझ्या मते थिसिसचा सगळ्यात उपयोगी भाग हाच, कारण दुसऱ्या कॉलेजातल्या माणसाला उद्या तोच लागणार.

मोजणीतली दोन बारकी कामं सांगतो. जेली. वॉर्डाच्या प्रत्येक ड्रॉवरमध्ये लिग्नोकेनची जेली असते आणि सिस्टर सवयीनं तीच पुढं करतात. जागा बधिर करणारं औषध लावून त्याच जागेचा दाब मोजण्यात अर्थ नाही. साधी जेली आणून ट्यूबवर मार्करनं मोठ्या अक्षरात ‘फक्त मॅनोमेट्री’ लिहा, आणि लिग्नोकेनच्या ट्यूबा त्या खोलीतून बाहेरच काढा. एका सकाळचं काम आम्ही असंच फेकून दिलंय.

दुसरं, दाब ही सरळ रेघ नसते. आतल्या कड्यात बारीक लाटा चालू असतात. शिवाय काही लोकांत, विशेषतः दाब जास्त असणाऱ्यांत, मिनिटाला एक-दोन अशा संथ आणि उंच लाटा येतात. लाटेच्या माथ्यावर वाचलं तर एक आकडा, पायथ्याशी वाचलं तर दुसरा. २०२० मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या प्रोटोकॉलनुसार प्रोब घातल्यावर ३ मिनिटं थांबायचं आणि मग ६० सेकंद विश्रांतीचा दाब नोंदवायचा. रोजच्या तपासणीला एवढं पुरतं. या कामासाठी मी ५ मिनिटांची सरासरी घेईन, म्हणजे संथ लाटा त्यात मुरतात. कोणता आकडा ‘निकाल’ मानायचा ते आधीच कागदावर लिहा. नंतर आलेख पाहून निवडलेला आकडा नेहमी आपल्या बाजूचाच निघतो.

पावडर, आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरी पावडर

एल-आर्जिनिन दोन रूपांत मिळतं: नुसतं, किंवा हायड्रोक्लोराइड. नुसतं आर्जिनिन पाण्यात घातलं की द्रावण चांगलंच अल्कधर्मी होतं, प्यायला वंगाळ. हायड्रोक्लोराइड बरं पडतं, पण वजनाचा हिशेब वेगळा: १ ग्रॅम हायड्रोक्लोराइडमध्ये आर्जिनिन सुमारे ०.८३ ग्रॅम. म्हणजे ६ ग्रॅम आर्जिनिन द्यायचं असेल तर ७.२५ ग्रॅम तोला. बाजारातल्या सॅशेमध्ये चव, साखर आणि इतर घटक मिसळलेले असतात, जिमच्या डब्यात तर आणखीच. तपासणीसाठी फार्मा दर्जाची शुद्ध पावडर घ्या, बॅच नंबर आणि विश्लेषणाचा दाखला फाइलला लावा.

एका वेळचा डोस ९ ग्रॅमच्या वर गेला की अनेकांना मळमळ आणि जुलाब होतात. जुलाब लागलेल्या माणसाचा गुदाचा दाब मोजायचा, हा विनोद झाला. म्हणून मी ६ ग्रॅमवर थांबेन. रक्तातली पातळी तासाभराच्या आसपास शिखर गाठते आणि नंतर बऱ्यापैकी वेगानं उतरते, तेव्हा मोजणीच्या वेळा त्यानुसार. आठवडाभर रोज ३ ग्रॅम तीनदा देऊन बघणं हा वेगळा प्रश्न आहे. तोही घेण्यासारखा आहे, पण दोन प्रश्न एकाच थिसिसमध्ये कोंबले की दोन्ही अर्धवट राहतात.

आता चव. हायड्रोक्लोराइड आंबट-खारट-कडवट लागतं. आमच्याकडच्या एकानं घोट घेऊन सांगितलं, ‘‘फवारणीच्या पाण्यावाणी लागतंय.’’ प्लासिबो, म्हणजे तुलनेसाठीची खोटी पावडर, म्हणून नुसती साखर दिली तर पहिल्या घोटातच गुपित फुटणार. माल्टोडेक्स्ट्रिन या पिठूळ पावडरीत सायट्रिक आम्ल आणि मीठ घालून प्लासिबो बनवा आणि दोन्ही मिश्रणं थंडगार कैरीच्या पन्ह्यात द्या. झाकणाचा पेला, नळी, आणि नंतर एक वेलदोडा. पन्ह्याची सगळी बाटली एकाच दिवशी, एकाच प्रमाणात बनवायची आणि पेल्यात मोजून ओतायची. पेले भरणारा फार्मासिस्ट तुमच्या टीमबाहेरचा हवा. भेट संपल्यावर प्रत्येकाला विचारा, आज खरी पावडर होती की खोटी? निम्म्याहून बरेच जास्त लोक बरोबर सांगत असतील, तर झाकलेपणा राहिला नाही. मग ते थिसिसमध्ये कबूल करावं लागतं.

एक तिसरी भेटही ठेवा. हिच्यात पन्हं नाही, गुदद्वाराला ०.२ टक्के नायट्रोग्लिसरीनचं मलम लावायचं, मोजून, ग्लोव्ह घालून, कारण लावणाऱ्याचंही डोकं दुखतं. या मलमानं दाब उतरतो हे माहीतच आहे. तुमच्या यंत्राला तेही दिसलं नाही, तर पावडरीबद्दल ‘फरक नाही’ म्हणायचा अधिकार तुम्हाला उरत नाही. हा खर्च वाचवण्याचा मोह गाइडलाच जास्त होतो. वाचवू देऊ नका.

माणसं

कागदपत्रांचं थोडक्यात: कॉलेजच्या एथिक्स कमिटीची मंजुरी, सीटीआरआयवर (देशातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीत) पहिला माणूस घेण्याआधी नोंदणी, विद्यापीठाला सिनॉप्सिस. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आणि २०१९ चे नवीन औषधं व क्लिनिकल चाचणी नियम हाताशी ठेवा. डब्यावर एफएसएसएआयचा क्रमांक आहे म्हणून परवानगी लागत नाही, असा समज करून घेऊ नका. खाण्याची वस्तू म्हणून विकणं आणि माणसावर तिचा परिणाम तपासणं या दोन वेगळ्या गोष्टी. कमिटी पहिला प्रश्न हाच विचारेल.

खरी अडचण संमतीची. फॉर्मवर ‘गुदनलिकेतील विश्रांतकालीन दाबमापन’ असं लिहिलं की समोरचा मान डोलावतो आणि सही करतो. कळलेलं काहीच नसतं. ‘संडासच्या जागेत पेन्सिलीपेक्षा बारीक नळी घालणार, दोन-अडीच इंच, एका कुशीवर झोपवून, दिवसातून चारदा, असं तीन वेगवेगळ्या दिवशी’ असं लिहा. वाचून चार जण उठून जातील. त्यांना जाऊ द्या. राहतील ते परत येतील.

आपले ज्युनिअर, हॉस्टेलचे इंटर्न किंवा वॉर्डातले कर्मचारी यांना थेट विचारू नका. ‘सर, तुमच्यासाठी काय पण’ ही संमती नव्हे. वरच्या गोष्टीतले मामा माझ्याच वॉर्डातले होते आणि आज मी तसं करणार नाही. नोटीस लावा, नाव दुसऱ्या विभागात नोंदवू द्या. बाहेरगावचा माणूस असेल तर एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी द्या, ती रक्कम कमिटीकडून मंजूर करून घेऊन.

कोणाला घ्यायचं नाही? ज्यांना हार्ट अटॅक येऊन गेला त्यांना अजिबात नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या व्हिंटेज एमआय चाचणीत अटॅकनंतर आर्जिनिन दिलेल्या गटात सहा मृत्यू झाले, प्लासिबो गटात एकही नाही, आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. ‘अमिनो आम्ल आहे, काय होतंय’ असं म्हणणाऱ्याला एवढं सांगणं पुरे. नायट्रेटच्या गोळ्या, सिल्डेनाफिल, रक्तदाबाची औषधं, दमा, किडनी किंवा यकृताचा आजार, गरोदरपण, हेही वगळा. लोपेरामाइड घेतलं असेल तर दाब वाढलेला असू शकतो. तंबाखू, मावा, गुटखा हे नुसतं ‘व्यसन आहे का’ विचारून कळत नाही. ‘सकाळी संडासला जायच्या आधी काय लागतं?’ असं विचारा, लगेच कळतं.

एक प्रश्न शहरातल्या पुस्तकांत सापडणार नाही. ‘कुठं इंजेक्शन मारून घेतलं होतं का? धागा बांधला होता का?’ मूळव्याध-भगंदर बिनऑपरेशन बरे करण्याच्या पाट्या आपल्या प्रत्येक तालुक्याच्या स्टँडसमोर असतात. तिथं जाऊन आलेला माणूस ‘आधी काही ऑपरेशन?’ला बिनधास्त नाही म्हणतो, कारण त्याच्या मते ते ऑपरेशन नव्हतंच. बायकांना बाळंतपणात टाके किती, कुठपर्यंत, हे विचारणारी बाई डॉक्टर हवी. बायका घेणार असाल तर दोन भेटींत २८ दिवसांच्या आसपास अंतर ठेवा, म्हणजे पाळीचा टप्पा सारखा राहतो. पुरुषांना एक आठवडा पुरे.

जेवणाकडे लक्ष द्या. १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे ३ ग्रॅम आर्जिनिन असतं, म्हणजे तुमच्या डोसचा अर्धा. आपल्याकडे कुठली भाजी कुटाशिवाय होते? तीळ आणि सोयाबीनमध्येही भरपूर. पालक, मेथी, बीट यांच्यातलं नायट्रेट तर दुसऱ्याच वाटेनं नायट्रिक ऑक्साइड वाढवतं. सगळं बंद करायला सांगितलं तर कोणी पाळणार नाही. त्यापेक्षा तिन्ही भेटींच्या आदल्या रात्री एकच जेवण तुम्हीच द्या: ज्वारीची भाकरी, कूट न घातलेली दोडक्याची भाजी, भात, ताक. त्यानंतर दहा तास उपाशी, फक्त पाणी. लातूर-धाराशिवकडचे असाल तर वेळ अमावस्येच्या, म्हणजे शेतात जाऊन जेवायच्या सणाच्या, आठवड्यात कोणाचीच भेट ठेवू नका. भज्जी आणि आंबिल सोडून कोणी येणार नाही, आणि आला तरी खोटं सांगेल. एप्रिल-मेही शक्यतो टाळा. पाणी कमी पडलेलं, संडास कडक, निरोगी माणसाचाही दाब बिथरलेला असतो.

मोजणीची सकाळ

सात वाजता बोलवा. संडास झाली का ते विचारा. एनिमा द्यायचा की नाही ते एकदाच ठरवा आणि सगळ्यांना सारखंच करा. दिला तर अर्धा तास जाऊ द्या. खोलीत दोघांपेक्षा जास्त माणसं नकोत, दाराला कडी, पंखा चालू. डाव्या कुशीवर, गुडघे आणि कंबर काटकोनात. प्रोब घालताना ‘जोर करा, संडासला बसल्यासारखा’ म्हणा, स्नायू सैल होतो. घालून झाल्यावर ३ मिनिटं काहीच बोलू नका. आपण ‘सैल सोडा, सैल सोडा’ म्हणत राहतो आणि त्यानंच माणूस आवळतो.

ही पहिली मोजणी टाकून द्यायची. खरंच. मामांचा ९२ तिथंच गेला पाहिजे. प्रोब काढा, वीस मिनिटं माणसाला बसवा, परत घाला, आणि ही दुसरी मोजणी पायाभूत धरा. मग पेला द्या, पाच मिनिटांत संपवायला सांगा. पुढच्या मोजण्या ६० आणि १२० मिनिटांनी. प्रोब दोन तास आतच ठेवण्याचा सल्ला काहीजण देतात. मला पटत नाही, माणूस चुळबुळ करतो आणि प्रोब सरकतो. प्रोबवर सेंटिमीटरच्या खुणा असतात, तो किती आत घातला ते प्रत्येक वेळी लिहा. प्रत्येक मोजणीच्या अखेरीस ५ सेकंद आवळायला सांगा. हा दाब बाहेरच्या कड्याचा, त्याच्यात फरक पडायला नको. तोही उतरला असेल तर पावडरीपेक्षा माणूस दमलाय अशी शंका घ्या.

सोबत नाडी आणि रक्तदाब दर वेळी. चक्कर, डोकेदुखी, पोटात मुरडा यांची नोंद. आणि रक्ताचे दोन नमुने, पेल्याआधी एक, तासानंतर एक, आर्जिनिनच्या पातळीसाठी. ही तपासणी बाहेर मोठ्या लॅबला पाठवावी लागते, म्हणून प्लाझ्मा लगेच वेगळा करून गोठवायला हवा. महाग आहे, पण पातळी वाढली आणि दाब हलला नाही, हे वाक्य लिहिता येण्यासाठी ती लागतेच. नाहीतर परीक्षक म्हणणार, पावडर पोटातून रक्तातच गेली नसेल.

कोण पहिल्या भेटीत काय घेणार ते संगणकावर काढलेल्या यादीनं ठरवा, फार्मासिस्टकडे सीलबंद. निम्म्यांना आधी पावडर, निम्म्यांना आधी प्लासिबो. आलेख वाचणाऱ्याला भेटीचा क्रमांकही कळू नये. फाइलींना सांकेतिक नावं द्या.

किती माणसं, आणि आकडे आल्यावर

प्रत्येक माणूस स्वतःशीच तुलना करत असल्यानं फार लागत नाहीत. समजा १० मिलिमीटरचा फरक महत्त्वाचा मानला आणि सुरुवातीच्या दोन महिन्यांत भेटी-भेटींतल्या फरकाचं प्रमाण विचलन १५ निघालं. १.९६ (५ टक्के सार्थता-पातळीसाठी) आणि ०.८४ (परिणाम असला तर तो दिसण्याच्या ८० टक्के शक्यतेसाठी) या ठरीव आकड्यांची बेरीज २.८, गुणिले १५, भागिले १०, म्हणजे ४.२. त्याचा वर्ग १७.६, म्हणजे १८ माणसं. नमुना लहान असल्यानं दोन वाढवा आणि अर्ध्यात सोडणाऱ्यांसाठी आणखी चार. २४. विचलन १५ ऐवजी २५ निघालं तर हाच हिशेब पन्नाशीला पोचतो. तेव्हा १५ हा आकडा पुस्तकातून उचलू नका, स्वतःच्या मोजणीवरून काढा.

निकाल म्हणजे पावडरीच्या दिवशी झालेला बदल वजा प्लासिबोच्या दिवशी झालेला बदल. फक्त पावडरीच्या दिवसाचा ‘आधी-नंतर’ टेबलात ठळक करून टाकू नका, कितीही गोड आला तरी. पी-मूल्य किती आलं एवढ्यावर थांबू नका, ९५ टक्के विश्वास-अंतर लिहा, म्हणजे खरा फरक कोणत्या दोन आकड्यांच्या मध्ये असावा ते. समजा सरासरी फरक उणे २ आणि अंतर उणे ७ ते अधिक ३ असं आलं, तर त्याचा अर्थ ‘काही कळलं नाही’ असा होत नाही. १० मिलिमीटरचा परिणाम या डोसनं होत नाही, हे बऱ्यापैकी ठामपणे कळलं. मलमाच्या दिवशी दाब उतरलेला दिसला असेल, तर हा निकाल कुठेही उभा राहील. उलट फरक दिसला, तरी तो निरोगी माणसातला आहे. त्यावरून चीर भरेल असं लिहायचं नाही. त्यासाठी रुग्णांवर, कित्येक आठवड्यांची वेगळी चाचणी लागते.

सगळे आलेख वाचून, आकडे भरून, फाइल बंद करून तिची प्रत गाइडकडे दिल्यावरच फार्मासिस्टचं सील फोडा. एखादा आलेख टाकायचा असेल तर तो सील फोडण्याआधी टाका आणि कारण लिहा.

शेवटी उरलेली पावडर. किती आली, किती पेल्यांत गेली, किती सांडली याची वही पूर्ण करा आणि उरलेली फार्मसीला परत द्या. इथं मोह होतो, कारण तोवर कोणीतरी मागायला आलेलं असतंच. मामा आले होते. त्यांच्या पाव्हण्याला सहा महिन्यांपासून त्रास, संडासला बसलं की मिरची लावल्यावाणी आग, वर रक्ताचे थेंब. ‘‘दोन चमचे द्या की सायेब, तशी बी टाकूनच देणार ना.’’ दिली नाही. पाव्हण्याला मंगळवारी सर्जरीच्या ओपीडीत आणायला सांगितलं, तोवर दिवसाला तीन तांबे पाणी जास्त, रात्री इसबगोल, आणि संडासनंतर कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटं बसायला. मामांनी विचारलं, टब कशाचा? म्हटलं, घरातलं धुण्याचं घमेलं चालतं, फक्त ते नंतर धुण्याला वापरू नका.